नाक धरायला चारकोपला

श्रावण सरत आला की गणपतीसाठी सगळी मुंबई कोकणात उतरायला लागते. चिपळूणच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्या दिवसांत मी उलटी मुंबईला निघाले. स्टँडवर भेटलेल्या निम्म्या ओळखीच्यांनी तोंडात बोट घातलं आणि उरलेल्यांनी विचारलं, "कोण आजारी आहे गं?" मी सांगितलं, "मीच. श्वास घ्यायला शिकायला चाललेय." लोक हसले. मीही हसले. पन्नाशी उलटलेल्या बाईनं श्वास घ्यायला शिकायचं म्हणजे माशानं पोहण्याचा क्लास लावण्यासारखंच आहे.

आमची मिरची-मसाल्याच्या कांडपाची गिरण आहे. उन्हाळाभर तिखटाच्या ढगात उभं राहून मी दमा कमावला असं आमचे डॉक्टर म्हणतात. मला विचाराल तर तो आईकडून आलाय, मिरचीनं त्याला फक्त जागं केलं. आता गिरणीवर माणूस ठेवलाय आणि मी बाहेर ओसरीवर बसून हुकूम सोडते. माझ्याकडे दोन पंप आहेत. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. तो घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. दुसरा निळा, दम लागला की तातडीनं ओढायचा, स्पेसर नावाच्या नळकांड्यातून, म्हणजे औषध नीट छातीत जातं. दोन्ही मी पदराआड घेते. आमच्याकडे पंप लोकांसमोर काढला की पुढच्या हळदीकुंकवापर्यंत गावभर होतं, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर बघायलाच नको.

माझी धाकटी बहीण नंदा चारकोपला राहते. तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दमेकऱ्यांसाठी प्राणायामाचा पंधरवड्याचा वर्ग सुरू होणार होता. तिनं फोन करून करून माझा जीव खाल्ला. "ताई, झकास बाई शिकवते. उगाच बाबा-बुवा नाहीये. हॉस्पिटलात छातीच्या पेशंटना शिकवते ती. तू ये फक्त." मी म्हटलं, नाक धरून बसायला बोरिवलीपर्यंत एसटीनं यायचं? नाकं चिपळुणातही आहेत. पण श्रावण-भादव्यात गिरणीला काम नसतं, आणि आषाढातल्या ओलीनं छाती अशी धरली होती की दोन रात्री मी उशांना टेकून बसूनच काढल्या होत्या. म्हणून गेले.

चारकोप, पहिली सकाळ

नंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर एका शेजारणीच्या दाराशी टेकून दम खाल्ला, तर तिनं दार उघडून थेट विचारलं, "पाणी देऊ की पंप?" आमच्याकडे अनोळखी माणसानं असं विचारलं असतं तर मी लाजेनं जमिनीत गेले असते. इथं तिनं विचारलं, मी नको म्हटलं आणि तिनं दार लावलंसुद्धा. मुंबईकर चौकशी करतात, पण चौकशीचा वडा तळत बसत नाहीत.

चारकोपला सेक्टर आहेत. पत्ता सांगताना माणसं आकडे बोलतात, देवळाच्या मागे, पिंपळाच्या पुढे असं काही नाही. सकाळी एका बाजूनं इंडस्ट्रियल इस्टेटकडे जाणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूला जुनी घरं पाडून उभे राहणारे टॉवर. त्यांची धूळ खिडकीच्या गजावर पिठासारखी बसते. नंदा दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं ती पुसते. आमच्याकडे धूळ नाही, पण भिंतींना बुरशी आहे. दम्याच्या दृष्टीनं दोघी बहिणींची घरं सारखीच नालायक.

हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. शिकवणाऱ्या केतकी मॅडम तिशीतल्या, बारीक, आवाज मात्र हवालदाराचा. त्यांनी नमस्कार झाल्या झाल्या सांगितलं, "पंप काढा. प्रत्येकानं आपला निळा पंप आपल्यासमोर सतरंजीवर ठेवा."

माझा पंप नंदाच्या घरी उशीखाली होता. मी तसं सांगितलं.

"मग तुम्ही पण घरी जा," मॅडम म्हणाल्या. "पंप घेऊन या. त्याशिवाय इथं बसायचं नाही."

पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर! शाळेतही मला कधी कोणी बाहेर काढलं नव्हतं. रागानं मी तिसरा मजला चढले, पुन्हा उतरले, धापा टाकत परत आले आणि पंप आपटून सतरंजीवर ठेवला. माझ्या शेजारची बाई खुदकन हसली. ती माझ्याच वयाची, रंगानं काळीसावळी, केसांत अबोलीचा गजरा, कानात जड सोनं. तिनं कमरेची कापडी चंची सोडली, पानं-सुपारी बाजूला सारली आणि तळातून आपला पंप काढून माझ्या पंपाच्या शेजारी ठेवला.

"मी पानाच्या खाली ठेवतंय," ती कुजबुजली. "कोनाला दिसत नाय."

ही हिराबाई. खारदांड्याची कोळीण. तिची लेक चारकोपला दिलेली, तिच्याकडे ती वर्गासाठी राहायला आली होती.

शिकण्याचे दिवस

प्राणायाम म्हटल्यावर मला वाटलं होतं, जोरजोरानं श्वास घ्यायचे, पोट आत-बाहेर उडवायचं. तसंच वाटलेले एक गृहस्थ मुलुंडहून आले होते. दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आत त्यांनी आम्हाला कपालभाती करून दाखवायला सुरुवात केली. फटाफट श्वास टाकत होते. थोड्या वेळानं त्यांना जो खोकला सुटला तो मॅडम येईपर्यंत थांबला नाही. मॅडमनी त्यांना पंप दिला, पाठ सरळ करून बसवलं आणि मग आमच्याकडे वळल्या.

"इथं काहीही जोरात करायचं नाही. श्वास कोंडून धरायचा नाही. आपली अडचण हवा आत घेण्याची वाटते, पण खरी अडचण हवा बाहेर सोडण्याची आहे. जुनी हवा बाहेर गेली नाही तर नवी बसणार कुठं? आणि एक गोष्ट रोज सांगणार, कंटाळलात तरी सांगणार. हे औषधाच्या जोडीला आहे. औषधाच्या जागी नाही."

मग आम्ही एक हात पोटावर ठेवून बसलो. नाकानं सावकाश श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर मारावी तसे ओठ करून त्याहून सावकाश सोडायचा. एवढंच. मी मनात म्हटलं, यासाठी मी घरदार सोडून आले? पण सोडता सोडता माझ्या लक्षात आलं की मला सोडताच येत नाही. अर्ध्यावर गेलं की छाती घाबरते आणि पुन्हा आत ओढते. इतकी वर्षं मी घाईघाईनं अर्धा श्वास टाकून पुढचा घेत होते. बाजारात सुटे पैसे न घेता पळणाऱ्या माणसासारखी.

चौथ्या-पाचव्या दिवशी भ्रामरी आली. ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं, गुणगुण संपेपर्यंत श्वास आपोआप लांब सुटतो. मला ही फार आवडली. दुसऱ्या दिवशी पहाटे नंदाच्या खिडकीत बसून मी मनसोक्त गुणगुणले, तर दुसऱ्या मजल्यावरची तीच शेजारीण वर आली. "नंदा, तुमचा मिक्सर अडकलाय का गं?" नंदा जमिनीवर लोळायची बाकी राहिली.

हिराबाईची आणि माझी गट्टी जमली ती खाण्यावरून. वर्ग सुटला की तिची लेक डबा घेऊन यायची. एकदा ओल्या जवळ्याची भाकरीसोबत खायची चटणी, एकदा बोंबलाचं कालवण. मी चिपळूणच्या नाक्यावर मिळणारं म्हावरं खाऊन वाढलेली, पण ते बोंबील तोंडात ठेवले आणि गप्प झाले. आमच्या कालवणात कोकम, तिच्यात चिंच. आम्ही नारळाशिवाय मासा शिजवला तर सासू बोलायची. हिराबाई म्हणाली, "ताज्या म्हावऱ्याला नारल कशाला गो? शिल्या म्हावऱ्याला झाकायला नारल." माझ्या सासूच्या आत्म्याला हे ऐकू गेलं नसावं अशी आशा आहे.

खाता खाता तिनं सगळं सांगितलं. वैशाखात तिला दम्याचा मोठा झटका आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून लेकानं तिला दांड्याच्या बाजारात बसायला बंदी केली. ती सासूच्या जागेवर बसते, सासू तिच्या सासूच्या जागेवर बसायची. लाकडी फळी, एक पाट, पुढे उभी टोपली, एवढी ती जागा. पण नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या समुद्रात गेल्या आणि तिची फळी रिकामीच होती.

"रिकामी जागा दिसली का बाजूची बाय टोपली सरकवते," ती म्हणाली. "आज टोपली, उद्या पाट. मंग म्हनायचं, ही माजीच जागा. गणपती झाला का मी जाऊन बसलेच पाहिजे. नाय बसले तर जागा गेली. सूनबाय हाय, पन ती कंपनीत जाते. जागा गेली तर माज्यापासून संपलीच ना गो?"

"मग लेकाला सांग."

"लेक बोलतो, पंप सुटला तर बस. म्हनून तर इथं आले. मॅडमचं शिकून पंप सोरायचा."

"अगं, मॅडम रोज ओरडून काय सांगतात?"

"त्या बोलतात. त्यांना बोलायलाच लागतं." असं म्हणून तिनं मला आणखी एक बोंबील वाढला. बोंबील वाढून विषय बदलायची ही तऱ्हा मला माझ्या घरची वाटली, म्हणून मी वाद घातला नाही. पुढं कळलं की ती रोजचा पंप त्याच दिवसांत एक दिवसाआड करून बसली होती. श्वास लांब होतोय तर औषध कशाला, असा तिचा हिशोब होता.

श्वास लांब होत होता हे मात्र खोटं नव्हतं. माझाही होत होता. एके दिवशी भाजीच्या पिशव्या घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि दार उघडणाऱ्या नंदानं विचारलं, "खालच्या काकींकडे थांबली नाहीस?" तेव्हा कळलं की थांबलेच नव्हते. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले. नंदाला वाटलं काहीतरी झालं. खरंच झालं होतं, पण चांगलं.

हरतालिकेचा दिवस

हरतालिकेला वर्ग लवकर आटोपला, कारण त्याच हॉलमध्ये सोसायटीच्या बायका पूजा मांडणार होत्या. मॅडम निघून गेल्या. सतरंज्या गुंडाळल्या, मधोमध चौरंग आला, वाळूची पिंड, पार्वती, पत्रीचा ढीग. नंदा निर्जळी. मला डॉक्टरांनी निर्जळी मना केलीय, म्हणून मी केळं खाऊन पूजेला बसले होते आणि त्याबद्दल दोन सासुरवाशिणींच्या भुवया उंचावलेल्या बघत होते. हिराबाई हिरवी साडी नेसून, नथ घालून आली होती. तिचाही कडक उपास. पाण्याचा थेंब नाही.

पूजा रंगात आली आणि कोणीतरी धूपाटणं पेटवलं. खिडक्या बंद, वर पंखा. धूर जो वर गेला तो तिथंच फिरायला लागला. मी पदर नाकाला लावला आणि दाराकडे सरकले. हिराबाईला मी खूण केली. ती हलली नाही. तिची पत्री वाहायची पाळी यायची होती.

मग मी तिच्या खांद्यांकडे बघितलं. ते वर-खाली होत होते. दमेकऱ्याला दुसऱ्याचा दम तोंडावर कळत नाही, खांद्यावर कळतो. मी तिला धरून बाहेर आणलं, जिन्याच्या पायरीवर बसवलं. ती ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा प्रयत्न करत होती, वर्गात शिकलो तसा. पण सुटत नव्हता. छातीतून शिट्टी येत होती, ओठ राखेसारखे होत होते.

"पंप," मी म्हटलं. तिची चंची ओढून पानांखालून निळा पंप काढला, माझं स्पेसरचं नळकांडं लावलं आणि तिच्या तोंडाशी धरलं.

तिनं तोंड घट्ट मिटलं. मान हलवली.

"हिराबाई!"

"उपास… मोरल," तिनं तुकड्या-तुकड्यानं म्हटलं. "पोटात… जाईल."

"सकाळचा रोजचा पंप घेतलास?"

पुन्हा मान हलली. "चूल… भरायला लागते. पानी… तोंडात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीतीनं माणूस रागावतो, तसा तो राग होता. नंदा मागून धावत आली होती, तिच्या मागून बाकी बायका. कोणी म्हणालं देवीसमोर पाणी शिंपडा, कोणी म्हणालं कांदा फोडा. मी सगळ्यांना हाकललं.

"हिराबाई, इकडं बघ. आज सकाळी उठून मशेरी लावलीस की नाही?"

तिनं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, तिच्याकडच्या बायका तिनं दात घासल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. तिनं मान डोलावली.

"मग चूळ भरलीस ना? की मशेरी तोंडात घेऊन देवीसमोर बसलीस? मशेरीची चूळ तुझ्या देवीला चालते आणि औषधाची चालत नाही? आणि हा निळा पंप, याला तर चूळसुद्धा लागत नाही. ही हवा आहे, हिराबाई. हवेनं उपास मोडत असेल तर सकाळपासून श्वास घेतलास तेव्हाच मोडला!"

तेवढ्या अवस्थेतही तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मागं कोणीतरी खीः करून हसलं. आणि सगळ्यात म्हातारी, पूजा सांगणारी आजीबाई, पुढे येऊन म्हणाली, "घे गं बाई. पार्वतीनं नवरा मिळवायला उपास केला होता, जीव द्यायला नाही. घे."

हिराबाईनं तोंड उघडलं. एक दाब, सावकाश श्वास. थोडं थांबून दुसरा. मग आणखी. नंदानं रिक्षा आणली होती. रिक्षावाला आतून धूपाचा वास आला म्हणून विचारत होता पूजा कसली, आणि नंदा त्याला म्हणाली, "भैया, पूजा बाद में, नर्सिंग होम चल, जल्दी!"

नर्सिंग होममध्ये तिला वाफेचं औषध लावलं. ती वाफ नाकातोंडातून घेत पडून होती, नथ उशीला अडकली होती, मी ती सोडवली. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

संध्याकाळी तिचा लेक महेश दांड्याहून आला. चांगला उंच, दणकट मुलगा, पण डोळे आईसारखे. आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, बस झालं आता. जागा देऊन टाकू शेजारणीला. तुला काय कमी आहे का घरात?"

हिराबाई भिंतीकडे तोंड करून वळली. मला तो झटक्यापेक्षा वाईट प्रसंग वाटला.

दीड दिवसाचा गणपती

नंदाकडे दीड दिवसाचा गणपती असतो. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी, मोदकांच्या गडबडीत केतकी मॅडम आल्या, दर्शनाला म्हणून, पण खरं म्हणजे हिराबाईला भेटायला. हिराबाई लेकीसोबत आली होती. महेशही होता. मॅडम तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मोदकावर तूप ओतून घेतलं, खाल्ला आणि मग म्हणाल्या, "हिराताई, चूक माझीही आहे. उपासाचं मी कुणालाच विचारलं नाही. आता एक सांगा, मशेरी रोज लावता?"

"रोज. दोनदा."

"मशेरीबद्दल आपण नंतर भांडू, सोडायला तर लागणारच. पण तोपर्यंत असं करा. मशेरीच्या आधी रोजचा पंप. मग मशेरी. मग एकच चूळ, दोन्हीला. उपास असो की नसो. चूळ तर तुम्ही भरताच."

हिराबाईनं बोटांवर पंप, मशेरी, चूळ असं मोजून बघितलं. "हां," ती म्हणाली. "ते जमल."

मग मॅडम महेशकडे वळल्या. "आणि तुम्ही त्यांना सांगितलंत पंप सुटला तर बस. म्हणून त्यांनी तो सोडला. उलटं सांगा. पंप रोज घेतलास तर बस. प्राणायाम रोज केलास तर बस. पंप सुटणं ही पास होण्याची खूण नाही."

महेशनं मान खाली घातली. "मॅडम, मला भीती वाटते हो. वैशाखात मीच उचलून नेलं होतं हिला."

त्याचा आवाज फुटला तेव्हा खोलीत सगळे मोदकांकडे बघायला लागले. हिराबाईनं हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला. "बर्फाची पेटी नाय उचलनार," ती म्हणाली. "सुकटीला हात नाय लावनार. सकाळचीच बसेन. पंप घेऊन बसेन. पन बसेन रे, महेश."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "गणपतीत गिऱ्हाईक कमीच असतं. हे दिवस बसून बघ. मी सोबत थांबणार, सांगून ठेवतो."

"थांब," हिराबाई म्हणाली. "टोपली उचलायला लागेलच कोनतरी."

खारदांडा

चिपळूणला परतायच्या आदल्या दिवशी नंदा आणि मी दांड्याला गेलो. मुंबईत समुद्राच्या इतक्या जवळ अजूनही असं गाव आहे हे मला माहीत नव्हतं. एका बाजूला काचेच्या इमारती, आणि दोन वळणं घेतली की अरुंद गल्ल्या, दारात वाळत घातलेली जाळी, होडीची नावं रंगवलेली घरं, एका ओट्यावर बसून जाळं शिवणारा हिराबाईचा नवरा. त्यानं आम्हाला बसायला पाट दिला, चहा दिला आणि बाजाराकडे बोट दाखवलं. शब्द एकही बोलला नाही. आमच्याकडे पाहुण्याला निदान प्रवास कसा झाला ते विचारतात, पण त्याचा चहा चांगला होता.

बाजार छपराखालचा, जमीन ओली. गणपतीचे दिवस असूनही ख्रिश्चन वस्तीतल्या बायका आणि दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालेली मंडळी मासे घेत होती. हिराबाई फळीवर बसलेली दिसली. गजरा, सोनं, मांडीजवळ कोयता. आणि कोयत्याच्या शेजारी, बर्फावर मांडलेल्या पापलेटांच्या अगदी पुढ्यात, सगळ्यांना दिसेल असा निळा पंप. चंचीत नाही, पानाखाली नाही.

शेजारच्या बाईची टोपली तिच्या फळीवर हातभर आत आलेली होती. हिराबाईनं आमच्या देखत ती दोन्ही हातांनी परत सरकवली. शेजारीण काहीतरी पुटपुटली, हिराबाई काहीतरी त्याहून जास्त पुटपुटली आणि प्रकरण मिटलं. महेश मागे स्टुलावर बसून मोबाइल बघतोय असं दाखवत आईच्या खांद्यांवर नजर ठेवून होता. मी त्याला ओळखलं, मीही तिथंच बघत होते.

तिचा आवाज पूर्वी कसा होता मला माहीत नाही. नंदाला दांड्याची एक बाई सांगत होती की हिरा हाक मारायची ती पार रस्त्यापर्यंत जायची. आता ती रस्त्यापर्यंत जात नव्हती. दोन हाका मारून ती थांबायची, ओठ मिटून गुणगुणायची. आम्ही शिकलो ती भ्रामरी. मासे विकणारी बाई गुणगुणतेय म्हणून दोन पोरी बघायला थांबल्या आणि जाताना कोलंबी घेऊन गेल्या.

ऊन चढलं तशी गर्दी वाढली. मी आणि नंदा निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात एक बाई आली, हातात गाडीची किल्ली, कपाळाला आठ्या. "ही सुरमई कशी दिली? लवकर सांगा, गाडी रस्त्यात लावलीय." बाहेरून खरंच हॉर्न वाजत होते.

हिराबाईनं पंप उचलला. सगळ्या बाजारासमोर, शेजारणीसमोर, गिऱ्हाइकासमोर एक दाब घेतला आणि डोळे मिटले. महेश स्टुलावरून उठला, "काकी, मी सांगतो…" म्हणत त्या बाईपुढे आला. हिराबाईनं डोळे न उघडताच डावा हात वर केला. तळवा महेशकडे, मग गिऱ्हाइकाकडे.

थांब.

ती सावकाश श्वास सोडत होती. आमच्या हॉलमध्ये सोडायची तसाच, चहावर फुंकर मारल्यासारखा, शेवटपर्यंत. बाहेर हॉर्न वाजत होता. त्या बाईनं तोंड उघडलं, मिटलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि उभी राहिली. महेश पुन्हा स्टुलावर बसला. माझ्या लक्षात आलं की मीही तिच्याबरोबर श्वास सोडत होते.

मग हिराबाईनं डोळे उघडले आणि सुरमईच्या पाठीवर हात ठेवला.

"हां. आता बोल गो बाय. कापून देऊ का अख्खी?"